सध्या काय चाललंय?

काही दिवसांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. वय सत्तावीस. दहावी उर्दू माध्यमातून, मग बी.ए., बी.एड., टीईटी पास. सध्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. पुढच्या आठवड्यात त्याच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, मलाही दावत होती, म्हणून सहज विचारलं, "येणार ना?" तो म्हणाला, "नाही सर. तिथं जो भेटतो तो विचारतो, सध्या काय चाललंय? काय सांगू?"

मी काहीतरी बोललो. शिक्षकाकडे अशी उत्तरं तयारच असतात. धीर धर, अल्लाहवर भरवसा ठेव, वय काय झालंय तुझं अजून. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, यातलं त्याने काहीच विचारलं नव्हतं. नोकरी कधी लागेल हेसुद्धा नाही. लोकांना काय सांगू, एवढाच त्याचा प्रश्न होता. हातात कसब आहे, महिन्याला पैसे येतात, घर चालतं. फक्त तोंडाने सांगता येत नाही. ही न सांगता येण्याची सवय त्याला कुठून लागली याचा विचार करत गेलो, तर बोट फिरून माझ्याकडेच आलं. पाचवी ते दहावी तो माझ्याच वर्गात होता.

म्हणून आधी माझंच सांगतो.

माझा जन्म 1980 चा, सोलापूरचा. आम्ही बागवान. अब्बांची एसटी स्टँडाबाहेर फळांची हातगाडी होती. पहाटे मार्केट यार्डात जायचं, लिलावातून माल घ्यायचा, आठपर्यंत गाडी लावायची. बारा महिने केळी, त्याशिवाय मोसमाप्रमाणे बोरं, द्राक्षं, सीताफळं. सोलापूर कसलं गाव आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. मंगळवेढ्याचा, मोहोळचा शेतकरी आला की अब्बा मराठीत बोलायचे. अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये. पूर्व भागातल्या विणकरांच्या बायका आल्या की तेलुगूत भाव सांगायचे. आणि घरी आमची दखनी. बी.एड.ला मला भाषेची चार कौशल्यं शिकवली: श्रवण, भाषण, वाचन, लेखन. अब्बांकडे पहिली दोन चार भाषांत होती. वाचन-लेखन मात्र उधारीच्या वहीपुरतंच. माझ्याकडे चारही कौशल्यं दोन भाषांत, तीही प्रमाणपत्रासकट, आणि तरी घरात अडाणी कोण तर अब्बा, असं मी विशीत मनाशी धरून बसलो होतो.

लाज कामाची होतीच, पण त्याहून बोलीची जास्त होती. उर्दूवाल्यांत एक शब्दप्रयोग आहे, 'शीन-क़ाफ़ दुरुस्त असणं'. म्हणजे श आणि घशातला क़ नीट उच्चारता येणं. सुसंस्कृत माणसाची ती खूण. आम्हा दखनी बोलणाऱ्यांचा क़ थेट ख़ होतो. क़लमचा ख़लम, क़ाज़ीचा ख़ाज़ी. शिवाय 'मेरे कू', 'नक्को', 'हौ', 'कायकू'. आमच्याच माणसांत, कॉलेजातल्या चांगल्या घरच्या मुलांत, 'बागवानी भाषा' ही शिवी होती. बाहेरच्यांनी हसावं हे समजू शकतो. इथं हसणारे माझ्याच सफेत नमाजला उभे राहणारे होते. आपल्यात उच्च-नीच नाही असं आपण स्टेजवरून सांगतो, आणि दस्तरखानावर बसल्यावर समोरच्याच्या क़ वरून त्याचं घराणं ओळखतो. हे मी चाळीस वर्षं बघतोय, त्यामुळे कोणी रागावलं तरी लिहिणार.

बी.एड. पुण्यात केलं, 2004-05 साली. तेव्हा ते एका वर्षाचं होतं, दोन वर्षांचं 2015 पासून झालं. उर्दू आणि मराठी या माझ्या दोन पद्धती. मराठीचा पहिला सराव पाठ एका मराठी शाळेत सहावीच्या वर्गावर होता. टाचण अगदी नीटनेटकं, तक्ता रंगीत, प्रस्तावनाही जमली. मग तोंडातून 'पानी' गेलं. पाठोपाठ 'आनि'. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच तसंच म्हणून दाखवलं आणि वर्ग हसला. पोरं होती, त्यांचा राग नाही. पाठ संपल्यावर एक सहाध्यायी मात्र फार मायेनं म्हणाली, "तुझं मराठी खरंच छान आहे हं, मुस्लिम असूनसुद्धा." ते वाक्य मी आजतागायत प्रत्येक प्रशिक्षणात ऐकतो. आता हसून म्हणतो, "तुमचंही छान आहे." त्या वेळी मात्र रात्री होस्टेलच्या गच्चीवर जाऊन 'पाणी, लोणी, आणि, कोणी' घोकत बसायचो. उर्दूत क़ चुकतो, मराठीत ण चुकतो. दोन्ही घरांत पाहुणा.

परत आल्यावर पंचेचाळीस किलोमीटरवरच्या एका तालुक्याच्या गावी उर्दू शाळेत लागलो. लागलो म्हणजे काय, महिना पंधराशे रुपये, तेही दोन-तीन महिन्यांनी एकदम. आधी एका संस्थेत जागा होती, पण तिथं जागेची किंमत लाखांत सांगितली होती. अब्बा गाडी विकायला निघाले होते. हातगाडी विकून लाख कसे येणार, हा हिशोब त्यांना कळत नव्हता असं नाही, पण निघाले होते. ही शाळा 'कायम विनाअनुदानित' प्रकारातली. या शब्दाची मला फार गंमत वाटते. 'कायम' अरबीतून आलेला, 'विना' आणि 'अनुदान' संस्कृतातून. सरकारी कागदावरचा शब्दसुद्धा आमच्या घरच्या बोलीसारखाच दोन्हीकडचा. 2009 मध्ये सरकारने त्यातला 'कायम' काढून टाकला, तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले. अनुदानाचा पहिला वीस टक्क्यांचा टप्पा मिळाला 2016 साली. मी छत्तीस वर्षांचा होतो.

मधली अकरा वर्षं मी काय केलं? अब्बांना पहाटे यार्डात मदत केली. गल्लीतल्या लोकांचे मराठीत अर्ज लिहिले. रेशनकार्डातलं नाव, जन्मदाखल्यातली चूक, वीजबिलाची तक्रार. लग्नपत्रिका लिहिल्या, एका पानावर उर्दू, दुसऱ्यावर मराठी. सुट्टीत कापडाच्या दुकानात हिशोब लिहिला. आणि कोणी 'सध्या काय चाललंय' विचारलं की सांगायचो, "शिक्षक आहे, एम.ए.ची तयारी चालू आहे." बाकीचं सगळं गाळून. ज्या कामावर घर चाललं होतं ते सांगायचंच नाही, आणि ज्याचा पगार येत नव्हता ते पुढे करायचं.

एक प्रसंग आजवर लिहिला नव्हता. 2007 चा पावसाळा असेल. जिल्हा कार्यालयातल्या कामासाठी मुख्याध्यापक आणि एक सहकारी माझ्याबरोबर सोलापूरला आले. एसटीतून उतरलो. मी मुद्दाम त्यांना दुसऱ्या फाटकाने नेत होतो, पण पाऊस आला म्हणून अब्बांनी गाडी नेमकी तिकडच्या छपराखाली आणली होती. मला बघून त्यांनी हाक मारली, "अरे, इधर कू आ, केले लेके जा." मी थांबलो. आणि अगदी शीन-क़ाफ़ सांभाळून म्हणालो, "जी शुक्रिया, फिर कभी."

अब्बांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग मुख्याध्यापकांकडे वळून मराठीत म्हणाले, "घ्या साहेब, गोड आहेत." साहेबांनी डझनभर घेतली. अब्बांनी पंधरा रुपये घेतले, मोजले, गल्ल्यात टाकले. मी शेजारी उभा होतो. रात्री घरी जेवताना कोणी काही बोललं नाही. अम्मीने वाढलं, आम्ही खाल्लं.

मला वाटतं, विशीतली लाज ही फक्त आपली नसते. ती निभवायला घरच्यांना सोंगात सामील व्हावं लागतं. माझ्या वडिलांना त्या दिवशी माझ्यासाठी परका माणूस व्हावं लागलं, आणि ते त्यांनी इतकं झटकन केलं की आधीही केलं असणार, अशी शंका मला पुढे कितीतरी वर्षं छळत राहिली.

2010 मध्ये हैदराबादला गेलो. एम.ए.साठी दूरशिक्षणाची चौकशी करायची होती, शिवाय पुस्तकं घ्यायची होती. रात्रीची बस, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद. तोवरचा माझा प्रवास म्हणजे पास काढून रोज तेच पंचेचाळीस किलोमीटर जायचं आणि यायचं. मनात एक भीती होती की खऱ्या उर्दूच्या शहरात चाललोय; ज्या उस्मानिया विद्यापीठात एके काळी डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवली जायची तिथं माझं तोंड उघडायचं कसं. वाटेत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो.

चारमिनारजवळ एका पुस्तकांच्या दुकानात गेलो. पिकली दाढी, शेरवानी, समोर ग़ालिबच्या दिवाणाच्या तीन-चार आवृत्त्या. मी जुळवलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कायकू इत्ता तकल्लुफ़ करते मियाँ? बैठो, चाय पियो. नक्को बोलना नक्को." मी बसलोच. पुढचा तासभर ते माणूस दखनीत बोलत होता. कागदाचा भाव, पोराचं दुबईतलं काम, मीर आणि ग़ालिब, सगळं 'मेरे कू' आणि 'हौ' मध्ये. कुठेही आवाज खाली आला नाही. गिऱ्हाइकं येत होती, प्राध्यापक वाटावेत असे दोघे आले, तेही तसंच बोलले. मी तिथं तीन कप चहा प्यालो आणि चौथ्या वाक्यापासून घरच्यासारखं बोलायला लागलो. तीस वर्षांचा होतो. घराबाहेर, अनोळखी माणसाशी, मोठ्या आवाजात मी पहिल्यांदाच माझ्या आईच्या भाषेत बोललो.

मग वाचायला लागलो. शाळेत शिकवलेलं होतं सगळं, पण परीक्षेपुरतं. हैदराबाद वसवणारा मुहम्मद क़ुली क़ुतुबशाह दखनीत कविता करत होता. आमच्या सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर विजापूर. तिथला दुसरा इब्राहिम आदिलशाह याने दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहिलं, त्यात सरस्वतीही आहे आणि गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाजही. वली दखनीचा दिवाण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीत पोचला, तेव्हा फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या शायरांना आपल्या बोलीत ग़ज़ल लिहिता येते हे उमगलं. म्हणजे ज्यांच्या क़ ला घाबरून मी गप्प बसत होतो, त्यांच्या शहराला ही वाट आमच्याकडून गेली होती. आणि 'नक्को' म्हणजे आपलं मराठी 'नको', दुसरं काय? आमच्याकडे 'ऐसाइच', 'वैसाइच' म्हणतात, त्यातला तो ठासून सांगणारा 'च' थेट मराठीचा आहे. दिल्ली-लखनौच्या उर्दूत तो मिळणार नाही. मी ज्या बोलीसाठी दोन्ही घरांत पाहुणा होतो, तीच दोन्ही घरांमधली भिंत पाडून बांधलेली होती.

पण जरा सांभाळून बोलायला हवं. इतिहास कळला म्हणून लाज जाते असं नाही. राजा दखनीत लिहीत होता हे ऐकून छाती फुगते खरी, पण अब्बांना माझ्या आदरासाठी राजाची शिफारस कशाला लागावी? उद्या संशोधकांनी सिद्ध केलं की दखनीत एकही चांगली ओळ लिहिली गेली नाही, तर मी त्या छपराखाली जे केलं ते बरोबर ठरेल का? याचं उत्तर मला स्वतःला द्यायला बरीच वर्षं लागली. हैदराबादच्या त्या दुकानदाराने मला इतिहास सांगितला नव्हता. त्याने चहा पाजला आणि तो जसा होता तसा बोलला, एवढंच.

आता माझ्या वर्गाकडे येतो, कारण खरा गुन्हा तिथला आहे. हैदराबादहून आल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं मी पोरांना तेच करत होतो जे माझ्याबाबतीत झालं. कोणी 'मेरे कू' म्हटलं की सगळ्यांसमोर उभं करून 'मुझे, मुझे' दहा वेळा म्हणायला लावायचो. मराठीच्या तासाला 'पानी' आलं की फळ्यावर लिहून त्याला गोल करायचो. वहीतल्या निबंधात 'माझे वडील' लिहिताना पोरं खोटं लिहायची: माझे वडील व्यापारी आहेत, माझे वडील कंपनीत आहेत. मला माहीत असायचं की हा पंक्चरवाल्याचा, ती भंगारवाल्याची. तरी मी शुद्धलेखन तपासायचो आणि 'छान' लिहायचो. मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या त्या मुलाच्या निबंधातही वडील 'व्यापारी' होते. ते गवंडीकाम करायचे. त्याला काय सांगू हा प्रश्न पडतो, तर नवल कसलं. सहा वर्षं मीच त्याला तेवढं गाळायला शिकवलं.

माझे सहकारी म्हणतात, मग शुद्ध भाषा शिकवायची नाही का? शिकवायचीच. दहावीची उत्तरपत्रिका तपासणारा दखनीला गुण देणार नाही. माझी पोरं 'अक्षरभारती' वाचतात, त्यातलं मराठी त्यांना आलंच पाहिजे, आणि त्यांच्या उर्दूचा क़ सुद्धा घशातूनच यायला हवा. पण नवा सदरा शिवून देताना अंगावरचा फाडावा लागत नाही. आता मी फळ्यावर तीन रकाने करतो: घरी काय म्हणता, उर्दूच्या पुस्तकात काय, मराठीच्या पुस्तकात काय. पहिला रकाना पोरंच भरतात, आणि त्या वेळी वर्गात इतका कालवा होतो की शेजारचे सर डोकावून जातात. माझा अनुभव असा आहे की पहिला रकाना मोठ्याने भरणाऱ्या पोराचे बाकीचे दोन लवकर सुधारतात. हे काही संशोधन नाही, एका शिक्षकाचा अनुभव आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी एकट्या शिक्षकाच्या हातात नाही. आजच्या मुलांची वाट पाहण्याची वर्षं माझ्यापेक्षा लांबली आहेत. 2012 मध्ये शिक्षक भरतीच थांबली, 2013 पासून टीईटी आली, 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. परीक्षा द्या, निकालाची वाट बघा, यादीची वाट बघा, बिंदुनामावलीची वाट बघा. शेवटी नाव लागलंच तर आधी शिक्षणसेवक. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन अगदी 2023 पर्यंत महिना सहा हजार होतं, मग सोळा झालं. याबद्दल ज्यांना जाब विचारायचा त्यांना विचारलाच पाहिजे. पण तोवर चोवीस ते चौतीस हा काळ 'अजून काही नाही' म्हणून मोजायचा, ही आपली, म्हणजे मामू-चाचू-खाला आणि सरांची करणी आहे. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न 'कुठं जमलं का' एवढाच उरतो. तिने शिवणकामावर स्वतःच्या बी.एड.ची फी भरली हे कोणी विचारत नाही.

अब्बांनी गाडी बंद केली त्याला आता सहा वर्षं झाली. गुडघे गेले. मागच्या रमजानमध्ये इफ्तारनंतर आम्ही दोघेच बसलो होतो. मी धीर करून विषय काढला. म्हटलं, "अब्बा, एकदा मी स्टँडवर हेडमास्तरांबरोबर होतो, पाऊस होता..." ते म्हणाले, "मेरे कू याद नै." मग खजुराची बी ताटलीत ठेवत म्हणाले, "छोटी केळी थी वो. पंधरा ज्यादाच लिया मैं."

फोननंतर दोन दिवसांनी मी त्या मुलाच्या दुकानात गेलो. माझ्या मोबाइलची काच गेली होती, ती बदलून घेतली. पैसे घ्यायला तयार नव्हता, मी दिले. त्याला हे सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्यापेक्षा बरंच तुटक. निबंधाचंही सांगितलं, माफी मागितली म्हणा. तो स्क्रू पिळत ऐकत होता. काही बोलला नाही.

लग्नाला आला मात्र. मी जेवणाच्या पंगतीत त्याच्या पलीकडे बसलो होतो. बिर्याणी वाढली जात असतानाच एका काकांनी विचारलंच, "काय रे, सध्या काय चाललंय?" तो म्हणाला, "मोबाइल दुरुस्त करतो, चाचा. पुढची अभियोग्यता परीक्षा पण द्यायची आहे." काकांनी घास तसाच ठेवला, डाव्या हाताने खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "हे बघ बरं, चार्जिंगच घेत नै."